पोलीस ठाण्यातील पहिला जबाब

बलात्काराच्या खटल्याचा निकाल न्यायालयात लागतो, असे आपण समजतो. गेली बावीस वर्षे मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयात वकिली करताना माझे मत वेगळे बनले आहे. निकाल लागतो तो पहिल्या रात्री, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. बाई सांगते, पोलीस लिहितो. पूर्वी हाताने लिहीत, आता संगणकावर टंकतात, एवढाच फरक. त्या दोन-तीन पानांत जे आले ते खरे, जे राहिले ते पुढे 'नंतर रचलेले'. चार वर्षांनी आरोपीचा वकील तेच पान हातात घेऊन उभा राहतो आणि बाईला विचारतो, "हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?" तिला आठवत असते की आपण सांगितले होते. कागदावर ते नसते.

म्हणून या लेखात मी न्यायालयाविषयी फारसे बोलणार नाही. ठाण्याविषयी बोलणार आहे. आणि ठाण्यात येणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या मनाची व शरीराची त्या वेळी काय अवस्था असते याविषयी. हे ज्ञान आज जगात उपलब्ध आहे. ते आपल्या ठाण्यांपर्यंत पोचलेले नाही, आणि दलित वस्तीतली बाई ज्या ठाण्यात जाते तिथे तर ते सगळ्यात शेवटी पोचणार आहे.

ठाण्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यात 'खरी' पीडित बाई कशी असते याचे एक चित्र तयार असते. ती रडते. तिचे कपडे फाटलेले असतात, अंगावर ओरखडे असतात. ती ओरडलेली असते, झगडलेली असते. घटना घडताच ती धावत येते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवार, वेळेसकट सगळे सांगते. हे चित्र आले कुठून? सिनेमातून आले, कीर्तनातून आले, पतिव्रतेच्या कथांतून आले. शीलासाठी प्राण देणारी स्त्री हीच खरी स्त्री, अशी ती शिकवण आहे. प्राण वाचवून ठाण्यात आलेली स्त्री मग संशयितच ठरते. त्यातून दलित स्त्रीला मुळात शील असते हेच ज्या व्यवस्थेने कधी मानले नाही, त्या व्यवस्थेत वाढलेल्या माणसासमोर ती उभी असते, तेव्हा संशय दुहेरी होतो.

देसाईगंजचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. एका आदिवासी मजूर मुलीला चौकशीसाठी आणले होते. घरच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवून घेतले आणि दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचे नाव मी लिहीत नाही. पीडितेचे नाव छापू नये हा कायदा पुढे याच प्रकरणामुळे झाला, आणि तरीही ते प्रकरण आजतागायत तिच्याच नावाने ओळखले जाते, हाही आपल्याकडचा एक नमुना. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान ठरवले होते. तरी खटला लढला गेला तो संमतीच्या प्रश्नावर, जणू एखाद्या प्रौढ स्त्रीचाच खटला असावा. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नव्हती, म्हणजे झाले ते शांततेत झाले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. हा इतिहास पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे. माझा मुद्दा त्यातल्या एका प्रश्नापुरता आहे: ती ओरडली का नाही?

ज्या वर्षी देसाईगंजची घटना घडली त्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टन शहरात ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, अशा दोघींनी एका सरकारी इस्पितळात काम सुरू केले. बलात्कारानंतर तेथे येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला त्या रात्री-अपरात्री जाऊन भेटत. अशा ९२ प्रौढ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९७४ साली छापून आला. म्हणजे इकडे चंद्रपूरचे सत्र न्यायालय एका मुलीला खोटारडी ठरवत होते, त्याच वर्षी तिकडे दोन बायका लिहीत होत्या की बलात्कारानंतर स्त्रिया दोन रीतींनी वागताना दिसतात. काही रडतात, थरथरतात, चिडतात, मधूनच हसतातसुद्धा. बाकीच्या शांत असतात, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, विचारलेल्या प्रश्नाला थंडपणे उत्तर देतात. दोन्ही रीती खऱ्याच. आपल्या ठाण्यात मात्र शांत बसलेल्या बाईकडे बघून एक पोलीस दुसऱ्याला डोळ्याने खुणावतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता ओरडण्याविषयी. कोंबडी धरून उताणी दाबून ठेवली की ती काही वेळाने निपचित पडते. हात काढला तरी हलत नाही. मेली असे वाटते, पण डोळे उघडे असतात. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. सुटण्याची वाट उरली नाही की अनेक प्राण्यांचे शरीर असे आपोआप गोठते; त्यात त्या जिवाचा निर्णय नसतो. माणसाचेही तेच होते. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज निघत नाही, पण काय चालले आहे हे कळत असते. शास्त्रात याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. आपण गात्रे गोठणे म्हणू. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी गात्रे लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले. ४८ टक्के स्त्रियांमध्ये ते अतितीव्र होते. म्हणजे प्रतिकार करणारी बाई हा नियम आणि न करणारी हा अपवाद, असे आपण धरून चालतो ते वस्तुस्थितीला सोडून आहे.

कायद्याने हे मान्य केलेले आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात संमतीची व्याख्या आली आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, हे लिहिले गेले. भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. देसाईगंजच्या मुलीला हे वाक्य मिळायला एकेचाळीस वर्षे लागली. पण वाक्य कायद्याच्या पुस्तकात आहे आणि प्रश्न ठाण्यात आहे. "मग तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न आजही पहिल्या पाच मिनिटांत येतो.

या प्रश्नाचे दुष्परिणाम दोन आहेत. एक तर बाईला वाटते, चूक माझीच आहे. दुसरा परिणाम कायद्याच्या दृष्टीने जास्त घातक. ती उत्तर रचू लागते. खरे उत्तर 'माहीत नाही' हे असते, पण समोरच्या माणसाला ते चालणार नाही हे तिला कळते. मग ती म्हणते, त्याने तोंड दाबले होते. ते जबाबात येते. पुढे उलटतपासणीत ते टिकत नाही आणि सगळा जबाब खोटा ठरतो. खोटे बाईने आपणहून आणलेले नसते, प्रश्नाने ते तिच्याकडून काढून घेतलेले असते.

आठवणींचेही असेच आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगी मेंदू सगळे सारखे टिपत नाही. ज्यावर त्या क्षणी लक्ष खिळले ते खोलवर कोरले जाते: तोंडाला येणारा तंबाखूचा वास, पाठीखाली रुतणारे तुरीचे खुंट, दूर कुठेतरी चालू असलेली विहिरीवरची मोटार. पण आधी काय आणि नंतर काय, किती वेळ गेला, किती वाजले होते, तो डावीकडून आला की उजवीकडून, हे विस्कटून जाते. काही तुकडे दोन दिवसांनी, आठ दिवसांनी वर येतात. ठाण्यातला जबाब मात्र नेमका त्याच गोष्टी मागतो, ज्या तिच्याजवळ नसतात. वेळ, तारीख, क्रम, अंतर. आणि तिच्याजवळ जे असते, वास, आवाज, स्पर्श, ते कुणी विचारत नाही. तुरीचे खुंट जबाबात आले असते तर घटनास्थळाच्या पंचनाम्याशी त्यांचा मेळ बसला असता, त्याहून मोठा पुरावा कोणता? एका प्रकरणात माझ्या पक्षकार बाईने मोटारीचा आवाज ऐकल्याचे मला सांगितले होते. त्या शिवारात त्या आठवड्यात रात्रीची वीज कोणत्या वेळी होती एवढे पाहिले असते तर घटनेची वेळ आपोआप ठरली असती. तपासात ते कुणी पाहिले नाही, कारण कुणी विचारले नाही.

बाई नंतर झोपली, यावरूनही तिला खोटी ठरवतात. जून २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना असे लिहिले की अत्याचारानंतर आपण थकून झोपी गेलो हे तिचे सांगणे भारतीय स्त्रीला शोभणारे नाही. टीका झाल्यावर ते वाक्य पुढे आदेशातून काढून टाकण्यात आले. ऊस तोडून आलेली, दिवसभर वाकलेली बाई कशाहीनंतर झोपू शकते, हे न्यायासनाला सांगायला कुणी ऊसतोड बाई तेथे नव्हती. आघातानंतर शरीर अक्षरशः कोसळते, हे त्या बाईला शास्त्र न शिकता ठाऊक असते.

उशीर हा सगळ्यांत मोठा आक्षेप. प्रथम खबरीच्या छापील नमुन्यात उशिराचे कारण लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रथम खबरींत तो रिकामा तरी असतो किंवा तिथे 'घाबरल्यामुळे' हा एकच शब्द असतो. पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अशा गुन्ह्यात तक्रारीला उशीर होणे साहजिक आहे, कुटुंब आधी अब्रूचा विचार करते. खरे आहे. पण हे अर्धेच खरे आहे. ज्यांना अब्रू जपायची चैन परवडते त्यांच्या घरातला हा उशीर आहे. आमच्या वस्तीतल्या उशिराची कारणे निराळी असतात.

एका बाईची तक्रार अकरा दिवसांनी नोंदली गेली. तिचा नवरा आरोपीच्या भावाकडे सालगडी होता. उचल घेतलेली होती. वस्तीला पाणी आरोपीच्या कुटुंबाच्या विहिरीवरून येत होते. सासऱ्याचे म्हणणे, पोळा होऊ द्या. पोलीस पाटील आरोपीच्या नात्यातला. दोन दिवस तो घरी येऊन बसत होता: मिटवून घ्या, गावात राहायचे आहे. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानाने उधारी बंद केली. या अकरा दिवसांतला प्रत्येक दिवस कसा गेला याचा हिशेब ती बाई बोटांवर देत होती. त्यातला प्रत्येक दिवस पुरावा होता. आरोपीच्या बाजूने दबाव आणल्याचा पुरावा. रकान्यात आले: घाबरल्यामुळे. न्यायालयात आरोपीचा वकील म्हणाला, एवढी घाबरली होती तर मधल्या काळात मजुरीला कशी गेली? मजुरीला गेली नसती तर खाल्ले काय असते, हे त्याला कोण सांगणार!

म्हणूनच केवळ मानसशास्त्र सांगून आपले भागत नाही. परदेशी पुस्तके सांगतात की बाई गप्प राहते कारण तिला आघात झालेला असतो. आमची बाई गप्प राहते कारण आघात झालेला असतो, आणि त्याखेरीज गप्प राहणे हे तिला जन्मापासून शिकवलेले असते. पाटलाच्या वाड्यासमोर, सावकाराच्या ओसरीवर, शाळेत, तहसील कचेरीत तिची आई खाली मान घालून उभी राहत होती. ठाण्यात साहेबाने खुर्ची दाखवली तरी ती खाली फरशीवर बसते. ही खाली घातलेली मान पोलिसाला अपराधीपणाची खूण वाटते. त्या मानेत हजार वर्षांचा इतिहास आहे, पण जबाबात इतिहासाचा रकाना नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. आमच्याकडची बाई सांगताना म्हणते, "त्यानं माझ्यासंगं वंगाळ काम केलं", "माझी इज्जत घेतली", "अंगावर हात टाकला". एवढे म्हणताना तिचा जीव जातो. पोलीस लिहितो, 'माझ्या संमतीशिवाय माझ्याशी जबरी संभोग केला.' जबाबाची सुरुवात ठरलेली, 'समक्ष हजर राहून फिर्याद देते की'. शेवट ठरलेला, 'जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.' बहुतेक वेळा वाचून दाखवलेला नसतो. मग न्यायालयात प्रश्न येतो: 'संभोग' हा शब्द तुम्ही पोलिसांना सांगितला होता का? बाई खरे बोलते, "नाही साहेब." संपले. हाच प्रश्न उलट बाजूनेही येतो. जिथे पोलिसाने तिचा शब्द तसाच ठेवला, पण 'वंगाळ काम' म्हणजे नेमके काय हे विचारून पुढे लिहिले नाही, तिथे आरोपीचा वकील म्हणतो की बलात्कार झाल्याचे जबाबात कुठेच नाही. यावर उपाय साधा आहे. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहायचे आणि त्याला लागूनच, तुमच्या म्हणण्याचा अर्थ काय, असे विचारून तिने दिलेला खुलासाही तिच्याच शब्दांत लिहायचा. याला दहा मिनिटे जास्त लागतात.

हे होऊ शकते का? होते. एका तालुक्याच्या ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक होत्या, त्यांचे काम मी जवळून पाहिले. त्या बाईला आधी आतल्या खोलीत नेत. पाणी देत. "ताई, बसा" म्हणून स्वतः उभ्या राहत, म्हणजे बाईला बसावेच लागे. सोबत कोण थांबलेले चालेल हे बाईला एकटीला गाठून विचारत, कारण सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर अनेकदा बोलता येत नाही. मग म्हणत, "जिथून आठवेल तिथून सांगा, मागेपुढे झालं तरी चालेल. आठवत नसेल तर नाही आठवत म्हणा." आणि लिहिणे बंद ठेवून पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेत. 'का' या अक्षराने सुरू होणारा प्रश्न त्या टाळत. ओरडली का नाहीस, असे न विचारता, "त्या वेळी तुमच्या अंगाला काय झालं?" असे विचारत. या एका प्रश्नावर एक बाई म्हणाली होती, "हात माझे नव्हतेच बाई." हे वाक्य त्यांनी जसेच्या तसे लिहिले. त्या खटल्यात प्रतिकाराच्या प्रश्नावर आरोपीच्या वकिलाला फार पुढे जाता आले नाही.

या उपनिरीक्षकांनी कोणते प्रशिक्षण घेतले होते मला माहीत नाही. पण जगात पोलिसांना आता जे शिकवले जाऊ लागले आहे ते नेमके हेच: खुले प्रश्न, मध्ये न अडवणे, इंद्रियांच्या आठवणी विचारणे, आणि सविस्तर विचारपूस शक्य तर एक-दोन झोपा झाल्यावर करणे. शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडचे अधिकारी म्हणतात, कायदा तर लगेच नोंदवा म्हणतो. बरोबर आहे, गुन्हा तत्काळ नोंदवलाच पाहिजे. पण प्रथम खबर म्हणजे घटनेचा ज्ञानकोश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. कोणी, कुठे, साधारण केव्हा, काय केले, एवढे आले की गुन्हा नोंदता येतो आणि बाईला इस्पितळात नेता येते. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात घ्यावे आणि पहिल्याच कागदावर नोंद करून ठेवावी की फिर्यादीची अवस्था अशी अशी आहे, सविस्तर जबाब नंतर घेत आहोत. एवढी एक ओळ असली तर नंतर आलेल्या तपशिलाला 'रचलेले' म्हणणे कठीण जाते. आपल्याकडे नेमके उलटे होते. मध्यरात्री तीन वाजेपर्यंत तेच तेच चार जण विचारतात आणि पुरवणी जबाब मात्र दोन ओळींचा असतो.

केवळ महिला पोलीस नेमल्या की हे सुटते असे मला वाटत नाही. कायद्याने आता अशी खबर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे, आणि ते योग्यच आहे. पण खेड्यातल्या ठाण्यात महिला कर्मचारी दोन-चार, त्यातल्या अर्ध्या बंदोबस्ताला. शेजारच्या ठाण्यातून बोलावणे पाठवायचे, तोवर बाईने बाकावर बसून राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायचे. शिवाय बाई असली म्हणजे जातीच्या बाहेर असते असे थोडेच आहे? बाई अधिकाऱ्याच्या तोंडून मी ऐकले आहे, "यांच्यात हे चालतंच." दुसरीकडे हेही सांगितले पाहिजे की ज्या अधिकाऱ्याला महिन्याला पाच अशी प्रकरणे ऐकावी लागतात त्याच्या मनावरही काही साचत जाते, आणि त्याचा विचार खाते करीत नाही. कोडगेपणा पुष्कळदा तिथून येतो.

हा प्रश्न आपल्याच पोलिसांचा आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये १९८२ साली बीबीसीने थेम्स व्हॅली पोलिसांवरच्या माहितीपटांच्या मालिकेत एक भाग दाखवला होता. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीला तीन पुरुष अधिकारी दरडावून तिचे सांगणे खोटे ठरवू पाहतात, हे लोकांनी घरात बसून पाहिले. देशभर संताप उसळला आणि अशा तक्रारी हाताळण्याची पद्धत तिथे बदलू लागली. आपल्या ठाण्यातही आता कॅमेरे आहेत. त्यांत काय दिसते, ते कुणी पाहत नाही.

जबाब चुकला की त्यामागून सगळेच चुकते. हाथरसचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. १४ सप्टेंबर २०२० रोजी १९ वर्षांच्या दलित तरुणीला तिच्या घरच्यांनी जबर जखमी अवस्थेत चांदपा ठाण्यात नेले. पहिल्या दिवशी गुन्हा नोंदला गेला तो खुनाच्या प्रयत्नाचा आणि ॲट्रॉसिटीचा. सामूहिक बलात्काराचे कलम आले ते २२ सप्टेंबरच्या तिच्या जबाबानंतर. न्यायवैद्यक तपासणीसाठी नमुने घेतले गेले ते घटनेनंतर अकराव्या दिवशी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की असे नमुने ९६ तासांच्या आत घ्यायचे असतात, त्यानंतर काही सापडण्याची शक्यता उरत नाही. २९ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला, आणि पुढे एक वरिष्ठ पोलीस अधिकारी म्हणाले की वीर्य सापडले नाही, म्हणजे बलात्कार झालाच नाही. बलात्कार सिद्ध व्हायला वीर्य सापडावे लागते असे आपल्या कायद्यात १८६० पासून कधीच नव्हते. मार्च २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने चारपैकी तिघांना सोडले, एकाला सदोष मनुष्यवध आणि ॲट्रॉसिटीखाली दोषी धरले. बलात्काराबद्दल कुणालाच नाही. पहिल्या दिवशी ठाण्यात कुणी तिला नीट विचारले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आता कधीच मिळणार नाही.

ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम पहिल्या दिवशी लावायचे टाळणे हीही ठाण्यातली एक रीत आहे. 'आधी हा गुन्हा दाखल होऊ द्या, कलमवाढ नंतर करू.' मग जातीचा दाखला मागायचा. गुन्हा नोंदवताना दाखला हातात असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. हे टाळण्याने तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जायचा तो जात नाही, आणि आरोपीने जातीवरून काय म्हटले, तिची जात त्याला ठाऊक होती का, हे पहिल्या जबाबात येतच नाही. खैरलांजीच्या खटल्यात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयात हे कलम टिकले नाही, हे आपण विसरलेलो नाही. पूर्वी 'जातीच्या कारणावरूनच' गुन्हा झाला हे सिद्ध करावे लागे. आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन अन्याय कसा होतो यावर पानेच्या पाने लिहिली, बलात्काराची शिक्षा कायम ठेवली, पण ॲट्रॉसिटीचे कलम त्याच जुन्या शब्दांमुळे रद्द केले. २६ जानेवारी २०१६ पासून हे शब्द बदलले आहेत. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे पुरेसे आहे, आणि आरोपीची तिच्याशी किंवा तिच्या कुटुंबाशी ओळख असेल तर ते ठाऊक होते असेच न्यायालय धरून चालते. गावात कुणाची जात कुणाला ठाऊक नसते? तेव्हा जबाबात 'आरोपी मला लहानपणापासून ओळखतो, आमची वस्ती त्याला माहीत आहे' एवढे वाक्य यायला हवे. ते सांगायचे भान मारहाण सोसून आलेल्या बाईला नसते. विचारणे पोलिसाचे काम आहे.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी कुणी ना कुणी अशा बाईबरोबर ठाण्यात जातोच. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. घटना कोणत्याही हद्दीतली असो, कोणत्याही ठाण्यात ती शून्य क्रमांकाने नोंदवावी लागते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. बाईने ठाण्यातच बसून जबाब द्यावा असे नाही, तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी तो घेता येतो, जवळच्या नातेवाइकाच्या किंवा समाजसेवकाच्या उपस्थितीत. आधी इस्पितळात गेले तरी चालते. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात, त्यासाठी पोलिसांचे पत्र लागत नाही. आणि तिथे डॉक्टरने दोन बोटांची तपासणी करायची नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गैरवर्तणूक ठरवली आहे. कार्यकर्त्याने बाईच्या वतीने बोलू नये, शब्द सुचवू नयेत. तिचे वाक्य अडले तर अडू द्यावे. पुढाऱ्यांची गर्दी खोलीबाहेर ठेवावी. सही करण्यापूर्वी जबाब मोठ्याने वाचून घ्यावा आणि चुकलेले जागीच दुरुस्त करून मागावे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे जबाब वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे व प्रत देणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत आणि ती जाणूनबुजून टाळली तर दलितेतर अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. बलात्काराचा गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला, मग तो कुठल्याही जातीचा असो, न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे.

नकार मिळाला तर ठाण्यात वाद घालत बसू नये. कोणी, किती वाजता, काय म्हणून परत पाठवले ते कागदावर लिहावे, त्याखाली बाईचा अंगठा किंवा सही घ्यावी, आणि तिच्याच शब्दांतली तक्रार त्याच दिवशी पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवावी. उशिराच्या रकान्यात पुढे तीच लावायची आहे.